मतदानाआधीची आघाडी

२०१९ च्या नोव्हेंबरात आमच्या घरात दोन निवडणुका एकाच वेळी चालू होत्या. एक फोनवर, जिथे सांगलीचे समस्त काका-मामा २३ तारखेच्या शपथविधीनंतर चोवीस तास ऑनलाइन होते आणि कोण कुणाबरोबर गेलं, कोण परत आलं याचे तासातासाला अपडेट येत होते. आणि दुसरी आमच्या लंडनच्या घराच्या दारात, लेटरबॉक्समधून पॅचकन पडणाऱ्या पत्रकांची. लिबरल डेमोक्रॅट्सच्या पिवळ्या पत्रकावर बार चार्ट, कॉन्झर्व्हेटिव्हच्या निळ्या पत्रकावर ब्रेक्झिट, लेबरच्या लाल पत्रकावर दवाखाना. नवरा म्हणाला, तिकडचं सरकार बनेपर्यंत इकडची निवडणूक होऊन जाईल. तसं झालं नाही, २८ ला तिकडे उद्धव ठाकरेंनी शपथ घेतली आणि इकडे १२ डिसेंबर अजून दोन आठवडे लांब होता.

बाबांना जेव्हा कळलं की मला इथे मत आहे तेव्हा ते फोनवर हसलेच. पासपोर्ट आपला, मत त्यांना? खरंच आहे, बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. तुम्ही कॉमनवेल्थ देशाचे नागरिक असाल आणि इथे कायदेशीर राहत असाल तर ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, ब्रिटिश नागरिक व्हायची गरज नाही. साम्राज्य होतं तेव्हा आपण सगळे 'ब्रिटिश सब्जेक्ट' होतो, त्याचं हे उरलेलं शेपूट. उलट बाजूने असं काही नाही, पुण्यात वीस वर्षं राहणारा इंग्रज माणूस कोथरूडला मत देऊ शकत नाही. आणि आपलं भारतातलं मत द्यायचं तर स्वतः बूथवर हजर राहावं लागतं, त्यामुळे लोकसभा आणि विधानसभा दोन्ही माझ्या हुकल्या आणि जिथे मी पाहुणी आहे तिथलं पोलकार्ड मात्र पोस्टाने घरी आलं.

आता मुद्द्यावर येते. त्या महिन्यात मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. महाराष्ट्रात काय झालं, तर लोकांनी मतं दिली, आणि मग पक्षांनी बसून ठरवलं कोण कुणाबरोबर. त्यावर आपण शिव्या घातल्या, मतदाराला फसवलं म्हणून. ब्रिटनमध्ये पद्धत तीच आहे, एका मतदारसंघात सगळ्यात जास्त मतं ज्याला तो निवडून, पन्नास टक्के पाहिजेत असं काही नाही. पण इथे साधारणपणे निकालानंतर आघाडी होतच नाही, कारण ही पद्धत एकाच पक्षाला बहुमत देऊन मोकळी होते (कधी नाही देत, २०१० आणि २०१७ ला नाही दिलं). म्हणजे इथे आघाडी करायचं काम मतदाराच्या गळ्यात पडतं. तेही मतदानाच्या आधी, एकट्याने, स्वतःच्या डोक्यात, समोरचे बाकीचे हजारो लोक काय करणारेत याचा अंदाज बांधून. मला कोण आवडतो हा प्रश्न त्यात तिसऱ्या-चौथ्या नंबरला जातो.

आमचा मतदारसंघ फिंचली अँड गोल्डर्स ग्रीन. जुन्या फिंचलीतून मार्गारेट थॅचर १९५९ पासून १९९२ पर्यंत खासदार होत्या, म्हणजे हुजूर पक्षाचं तसं माहेरच. (कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर आणि लेबर म्हणजे मजूर, ही आपल्या पेपरवाल्यांनी ठेवलेली नावं मला फार आवडतात, पुढे त्यावर येतेच.) पण २०१७ ला हुजूरांचे माईक फ्रीअर इथे लेबरपेक्षा फक्त १,६५७ मतांनी पुढे होते आणि लिबरल डेमोक्रॅट्स कुठेच नव्हते, जेमतेम साडेसहा टक्के. हे आकडे बघून कुणीही म्हणेल की ज्याला ब्रेक्झिट नको, बोरिस जॉन्सन नको, त्याने डोळे झाकून लेबरला द्यावं. आणि आमचा बार्नेट भाग असा की २०१६ च्या रेफरंडममध्ये, म्हणजे सार्वमतात, बासष्ट टक्के लोकांनी युरोपात राहायच्या बाजूने मत दिलेलं. गणित सोपं होतं.

ते गणित दोन गोष्टींनी बिघडलं. पहिली, लिब डेमनी इथे लुसियाना बर्जर यांना उभं केलं. त्या लिव्हरपूलमधून लेबरच्या खासदार होत्या, ज्यू आहेत, आणि लेबरमधल्या ज्यूविरोधाला कंटाळून फेब्रुवारी २०१९ मध्ये पक्ष सोडून बाहेर पडल्या होत्या. दुसरी, गोल्डर्स ग्रीन हा लंडनमधला ज्यू लोकांच्या मोठ्या वस्तीचा भाग. शुक्रवारी संध्याकाळी बेकऱ्यांसमोर रांगा, शनिवारी रस्त्याने चालत जाणारी कुटुंबं, हे रोजचं दृश्य. माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण इथलीच, तिच्या घरात आजोबांपासून सगळे लेबर. ती म्हणाली, कॉर्बिनच्या (तेव्हाचे लेबरचे नेते) लेबरला माझा हात मत देऊ शकत नाही आणि जॉन्सनलाही नाही. नोव्हेंबरच्या शेवटी इथले प्रमुख रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, एफ्राइम मिर्विस यांनी पेपरात लेख लिहून लेबरबद्दल उघड काळजी व्यक्त केली, जे सहसा होत नाही. सरकारी समानता आयोगाची लेबरवर चौकशी आधीच चालू होती.

मी स्वतः तोपर्यंत साधारण लेबरच्या बाजूची होते. जाहीरनामा वाचला होता, रेल्वे परत सरकारी, पाणी सरकारी, फुकट ब्रॉडबँड, यातलं निम्मं मला पटत होतं आणि निम्म्यावर हसू येत होतं. ब्रेक्झिटबद्दल त्यांचं म्हणणं असं की तीन महिन्यांत नवीन करार करू, सहा महिन्यांत परत रेफरंडम घेऊ, आणि त्यात स्वतः कॉर्बिन तटस्थ राहणार. म्हणजे लग्न लावायचं पण भटजी म्हणणार मी कुठल्याच बाजूचा नाही आणि मंत्र पण तुम्हीच म्हणा. लोक यावर चिडायचे पण मला ते त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटायचं, कारण त्यांचेच निम्मे मतदारसंघ लीव्हवाले (युरोपातून बाहेर पडा म्हणणारे) होते आणि निम्मे रिमेनवाले (राहा म्हणणारे). लिब डेमचं उलट, आम्ही बहुमतात आलो तर कलम ५०, म्हणजे बाहेर पडायची दिलेली नोटीस, सरळ रद्द करू, रेफरंडम वगैरे काही नाही. १ कोटी ७४ लाख लोकांनी दिलेलं मत एका ठरावाने पुसून टाकायचं. मी रिमेनवाली असून मला हे चुकीचं वाटलं, अजूनही वाटतं. आणि हुजूर पक्षाचे प्रमुख जॉन्सन असे की सप्टेंबरमध्ये त्यांनी पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवायचा घाट घातला आणि सुप्रीम कोर्टाने एकमताने तो बेकायदेशीर ठरवला. बुरखेवाल्या बायकांना लेटरबॉक्स म्हणणारा त्यांचा २०१८ चा लेख तर आमच्या गल्लीत कुणीच विसरलं नव्हतं, विशेषतः ज्यांच्या आया बुरखा घालतात ते.

तर असे तिघे. बॅलेटवर नावंही खरंच तीनच होती, कारण ग्रीनवाल्यांनी रिमेन पक्षांच्या समझोत्यात जागा सोडली होती आणि नायजेल फराज या कट्टर ब्रेक्झिटवाल्या नेत्याच्या ब्रेक्झिट पार्टीने २०१७ ला हुजूरांनी जिंकलेल्या सगळ्या ३१७ जागांवरून माघार घेतली होती. बघा, एका बाजूला नेत्याने एका भाषणात आघाडी करून टाकली, दुसऱ्या बाजूला साठ जागांपुरता अर्धवट समझोता ज्यात लेबर नाहीच. उरलेलं काम आमच्यावर.

आणि या सगळ्यात आपल्या लोकांचा व्हॉट्सअप. २५ सप्टेंबरला लेबरच्या अधिवेशनात काश्मीरवर ठराव झाला, आंतरराष्ट्रीय निरीक्षक पाठवा वगैरे, आणि दिवाळीपर्यंत प्रत्येक ग्रुपवर फॉरवर्ड फिरायला लागले की लेबरला मत म्हणजे भारताविरुद्ध मत. भाजपच्या इथल्या समर्थक संघटनेने हुजूर उमेदवारांसाठी उघड प्रचार केला. पुढे लेबरच्या अध्यक्षांनी पत्र काढून सारवासारव केली की आम्ही काश्मीरवर ना भारताची बाजू घेणार ना पाकिस्तानची. मतदानाच्या आधीच्या शनिवारी जॉन्सनसाहेब आपल्या गृहमंत्री प्रीती पटेलना घेऊन नीस्डनच्या स्वामीनारायण मंदिरात जाऊन आले.

मला यात काश्मीर महत्त्वाचं की नाही हा वाद घालायचाच नाही. तो ठराव मलाही बेजबाबदार वाटला होता. पण फिंचलीच्या खासदाराच्या हातात काश्मीरचं कुठलं बटण आहे? त्याच्या हातात काय आहे तर आमच्या इथल्या हॉस्पिटलचा खर्च, शाळांचे पैसे, व्हिसाचे नियम. गावाकडे आपण कुठल्यातरी समाजाबद्दल नाक मुरडून म्हणतो की ते गठ्ठ्याने मतं देतात, व्होट बँक आहे, मुल्ला किंवा महाराज सांगेल तिथे शिक्का. आणि विमानाने लंडनला उतरलो की आपलीच व्होट बँक होते आणि आपल्याला त्यात अभिमान वाटतो! मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की आमच्या भागाच्या शाळेबद्दल कुणाकडे काही फॉरवर्ड आहे का, तर दोन दिवस कुणी बोललं नाही माझ्याशी. एका वहिनींनी खासगीत अंगठा पाठवला.

मुंबईशी नाळ असलेले पहिले तीन भारतीय खासदार बघा इथले. दादाभाई नौरोजी १८९२ ला फिन्सबरीतून, लिबरल, अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. तीन वर्षांनी मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून, हुजूर पक्षाचे, आणि काँग्रेसच्या राजकारणाच्या विरोधातले. १९२२ ला शापुरजी सकलातवाला बॅटरसीतून, कम्युनिस्ट. तिघेही पारशी, तिघांचे पक्ष तीन, आणि एकमेकांची मतं ऐकून एकमेकांना जेवायलाही बोलावलं नसतं त्यांनी बहुतेक. तेव्हा 'आपल्या लोकांनी' कुणाला द्यायचं, हे सांगणारा फॉरवर्ड कसा दिसला असता याचा मी कधीकधी विचार करते.

आता स्वार्थाचा मुद्दा, कारण तो फॉरवर्डपेक्षा खरा आहे. आमच्यात ब्रेक्झिटवाले भरपूर होते आणि ते काही वेडे नव्हते. त्यांचं म्हणणं, रोमानियाचा माणूस सकाळी बसमध्ये बसून येतो आणि माझ्या भावाच्या बायकोला व्हिसासाठी अठरा हजार सहाशे पौंडाची पगाराची अट, वर माणशी वर्षाला चारशे पौंड आरोग्य अधिभार. युरोपची दारं बंद झाली की आपली उघडतील. मी तेव्हा म्हणायचे, असं काही होत नाही, दारं बंद करणारे लोक सगळीच बंद करतात. प्रामाणिकपणे सांगते, मी अर्धी चुकले. २०२१ च्या जुलैमध्ये विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर दोन वर्षं राहायचा व्हिसा परत सुरू झाला जो थेरेसा मे यांनी २०१२ ला बंद केला होता, आणि त्यानंतर भारतातून मुलं, नर्सेस, केअरवाले किती आले ते साउथॉल-हॅरोच्या भाड्यांवरून कळतं. पण अर्धी बरोबरही होते. तो चारशेचा अधिभार २०२० मध्ये ६२४ झाला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत १,०३५, आणि नवरा-बायकोची पगाराची अट त्याच एप्रिलात एकोणतीस हजार. दारं उघडली, पण तिकीट लावून.

पण मला खरं अडवलं ते यातल्या कशानेच नाही. शेजारच्या पोलिश बाईने अडवलं.

ती इथे माझ्या आधीपासून आहे, पोलंड २००४ ला युरोपियन युनियनमध्ये आलं त्याच्या पुढच्याच वर्षी आली. टॅक्स भरते, मुलं इथेच जन्मली, माझ्या मुलीला ताप आला तर मी कामावरून येईपर्यंत तिच्याकडे. आणि तिला मत नाही. युरोपवाल्यांना नगरपालिकेला मत होतं, पार्लमेंटला नाही, रेफरंडमलाही नाही (आयर्लंड, माल्टा, सायप्रसवाले सोडून). म्हणजे ती इथे राहू शकेल का, कुठल्या अटींवर, हे ठरवणाऱ्या मतदानात मला, चार वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर आलेल्या सांगलीच्या बाईला, मत होतं आणि तिला नव्हतं. तिने मला हे एकदाच म्हटलं, कुंपणावरून, कुठलाही कडवटपणा न ठेवता, कचऱ्याचे डबे बाहेर काढताना. तेव्हा ती सेटल्ड स्टेटसचा, म्हणजे ब्रेक्झिटनंतरही इथे राहायच्या परवानगीचा, फॉर्म भरत होती, चौदा वर्षं राहिल्याचे पुरावे गोळा करत.

त्या दिवसापासून माझं असं मत झालं, आणि ते नवऱ्याला अजून पटत नाही, की हे मत पूर्ण माझं नाहीच. ते मला मिळालं ते इतिहासाच्या अपघाताने. तिच्याकडे नाही तेही अपघातानेच. मग ठरवताना 'मला कोण आवडतो' आणि 'मला काय मिळेल' याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा की मी हे मत टाकलं आणि हा माणूस आला तर माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कुणाच्या पोटात गोळा येईल? नवरा म्हणतो, हा भावनिकपणा आहे, मत हे प्रत्येकाने आपल्या हितासाठीच द्यायचं असतं आणि सगळ्यांच्या हिताची बेरीज म्हणजे लोकशाही, तू काय तिची वकील आहेस का. त्याचं तर्कशास्त्र मला कळतं. पण ती बेरीज करताना काही माणसं मोजलीच जात नसतील तर ती बेरीज चुकीचीच येणार ना, मग कुणीतरी त्यांचा हातचा धरायला नको?

फक्त या कसोटीने उत्तर सोपं होत नाही, हे मला गोल्डर्स ग्रीनने शिकवलं. पोलिश शेजारणीच्या पोटात गोळा आणणारे जॉन्सन, आमच्या सोमाली दुकानदाराच्याही तेच, आणि ऑफिसातल्या मैत्रिणीच्या पोटात गोळा आणणारे कॉर्बिन. तू घाबरू नकोस, तुझी भीती खोटी आहे, असं यातल्या कुणाला सांगायचा अधिकार मला नव्हता. लेबरवाले मित्र म्हणायचे की हे सगळं मीडियाने फुगवलंय, हुजूरवाले म्हणायचे लेटरबॉक्सचा लेख म्हणजे नुसता विनोद होता. दोघंही दुसऱ्याच्या भीतीचं वजन आपल्या काट्यावर करत होते. म्हणून शेवटी मी त्या पक्षाला मत दिलं ज्याचं मुख्य धोरण मला पटत नव्हतं. बर्जर आल्या असत्या तरी लिब डेमचं बहुमत काही येणार नव्हतं, त्यामुळे कलम ५० रद्द होण्याचा धोका शून्य, हा हिशेब मी केला होता. म्हणजे पक्ष हरणार हे माहीत होतं म्हणून त्याला मत देता आलं. हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय.

१२ डिसेंबरला पाऊस होता. शाळेच्या हॉलमध्ये दोरीने बांधलेली जाड पेन्सिल, तीन नावं, एक फुली. शाई नाही, ओळखपत्र नाही (ते २०२३ पासून आलं). रात्री दहाला एक्झिट पोल आला, हुजूर ३६८. प्रत्यक्षात ३६५, बहुमत ऐंशीचं. आणि ज्या खाणींच्या गावांतून मजूर पक्ष उभा राहिला ती बोल्सोव्हर, सेजफील्ड, ब्लिथ व्हॅली सगळी हुजूरांकडे. मजुरांनीच हुजूर निवडले, आपल्या पेपरांना हेडलाइन आयती मिळाली.

आमच्या फिंचलीत काय झालं? फ्रीअर २४,१६२, बर्जर १७,६००, लेबर १३,३४७. खालच्या दोघांची बेरीज करून बघा, ३०,९४७ होते. पण बेरीज कुणी करायची हाच तर प्रश्न होता. टॅक्टिकल व्होटिंगच्या (नावडत्याला पाडू शकेल अशाला मत द्या सांगणाऱ्या) वेबसाइट्स देशभर अशाच गोंधळल्या होत्या, केन्सिंग्टनमध्ये काहींनी लिब डेमला द्या सांगितलं, काहींनी लेबरला, आणि तिथे लेबर फक्त दीडशे मतांनी पडलं. लोकांनी डोक्यात आघाडी करायचा प्रयत्न केला, पण प्रत्येकाच्या डोक्यातली आघाडी वेगळी.

म्हणून 'टॅक्टिकल मत द्या म्हणजे सगळं ठीक' असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्या निवडणुकीत लिब डेमना देशभरात साडेअकरा टक्के मतं आणि जागा अकरा, स्कॉटिश नॅशनल पार्टीला चार टक्क्यांच्या आत मतं आणि जागा अठ्ठेचाळीस. २०२४ ला लेबर ४११ जागा घेऊन आलं ते ३३.७ टक्क्यांवर, आणि मतं मोजली तर २०१९ च्या हरलेल्या कॉर्बिनपेक्षाही कमी. लोकांना बदल हवाच होता असंही नाही, २०११ ला पसंतीक्रमाने मत द्यायच्या पद्धतीवर रेफरंडम झाला आणि लोकांनीच दोन-तृतीयांशने ती फेटाळली. ती पद्धत असती तर मी पहिला नंबर एकाला, दुसरा दुसऱ्याला देऊन निवांत झोपले असते आणि माझ्या मैत्रिणीला आजोबांच्या पक्षाशी नातं पूर्ण तोडावं लागलं नसतं. आता ती वर्षं गेली.

त्या १३,३४७ मधलं एक मत माझ्या दुसऱ्या मैत्रिणीचं आहे, मिरजेची, हॉस्पिटलमध्ये नर्स. जॉन्सन तेव्हा पन्नास हजार नवीन नर्सेस म्हणत होते, ज्यातल्या साडेअठरा हजार म्हणजे आहेत त्याच सोडून जाऊ नयेत म्हणून थांबवलेल्या. ती म्हणायची, मी नवीन की जुनी ते तरी विचारा. तिने लेबरला दिलं, कारण तिच्या वॉर्डात रात्री तिघींच्या जागी एकच असायची आणि त्यावर बोलणारा तिला एकच पक्ष दिसला. मी तिला म्हणाले तुझ्यामुळे फ्रीअर आले. ती म्हणाली, १,६५७ चं अंतर लेबरला कापायचं होतं, तुम्ही सतरा हजार लोक मध्येच पिवळं पत्रक बघून वळलात, तुमच्यामुळे आले. मागच्या गणपतीत डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात प्रसादाच्या रांगेत परत तोच विषय निघाला, आणि आमच्या मागे उभा असलेला, नुकताच व्हिसावर आलेला नागपूरचा मुलगा म्हणाला, थांबा थांबा, म्हणजे मलापण इथे मत आहे?